राजाश्रय, लोकाश्रय आणि विद्यापीठे

मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी आपल्या विद्यार्थी वसतिगृहाचा इतिहास लिहून द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली, ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली. परंतु जुनी दप्तरे आणि जमाखर्चाच्या वह्या चाळू लागलो तेव्हा असे दिसून आले की, हा इतिहास एकट्या वसतिगृहाचा म्हणून सांगताच येत नाही. वहीच्या पानापानावर सरकारी अनुदानाची नोंद आहे. ज्या साली ते वेळेवर आले त्या साली कौले बदलली गेली. ज्या साली आले नाही त्या साली आचाऱ्याचा पगार थकला आणि कोणा सद्गृहस्थाकडून हातउसने पैसे घ्यावे लागले. सरकार काय देते, कोणत्या अटीवर देते आणि कोणत्या कारणावरून दिलेले काढून घेते, या तीन गोष्टींनी विद्यापीठे आणि समाज यांचे नाते गेली सुमारे १७० वर्षे घडविले आहे, आणि आपले लहानसे वसतिगृह त्याच प्रवाहातील एक होडी आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे या विषयाशी निगडित असा एक ठराव यावयाचा आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी ज्ञातिबंधुभगिनींनी मागील हकीकत एकवार डोळ्यांखालून घालावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ इ. स. १८५४ पासून करणे सोयीचे होईल. त्या वर्षी सर चार्ल्स वुड यांनी विलायतेहून जो शिक्षणविषयक खलिता धाडला, त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या: मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापावीत, आणि खाजगी शाळांना सरकारी तिजोरीतून अनुदान द्यावे. अनुदानाच्या अटी आज वाचतानाही उद्बोधक वाटतात. शाळेची व्यवस्था स्थानिक लोकांनी पाहावी, सरकारी तपासनिसास शाळा दाखवावी, आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, फी घ्यावी. शेवटच्या अटीमागे विचार असा होता की, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत माणसास कळत नाही. विचार वाईट नव्हता. परंतु ज्याच्या घरी फीचा एक आणाही नव्हता त्याच्यासाठी दार तेथेच लागले.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. हे विद्यापीठ आरंभी शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेत असे. १८५९ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेस १३२ विद्यार्थी बसले व २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. विद्यापीठाला स्वतःची वास्तू नव्हती. ती उभी राहिली ती मुंबईच्या सावकारांच्या औदार्यावर. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले; मनोऱ्यास त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव लागले. सर कावसजी जहांगीर यांनी पदवीदान सभागृहासाठी एक लक्ष दिले. या दानशूरांना सरकारदरबारी मान मिळत असे, किताब मिळत असत, आणि त्या मानाचा दानावर काहीच परिणाम होत नसे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण आपण हेही लक्षात घ्यावे की हे सहकार्य धनिकांचे होते. खेड्यातील कुणबी, कोष्टी, सुतार, माळी यांचा या विद्यापीठाशी संबंध येत होता तो फक्त सारा भरण्यापुरता.

हीच गोष्ट महात्मा जोतिराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात स्पष्टपणे मांडली. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. आयोगाने जोतिरावांचे ऐकले असे म्हणता येत नाही. उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे व ते खाजगी प्रयत्नांवर सोपवावे, याकडेच त्याचा कल राहिला. त्याच सुमारास पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) व फर्ग्युसन कॉलेज (१८८५) निघाले आणि तेथील आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याच्या प्रतिज्ञेने बांधले गेले, हे सर्वश्रुत आहे. मध्यमवर्गाने स्वतःच्या हिंमतीवर उच्च शिक्षण आपलेसे केले. खालच्या थरापर्यंत ते पोहोचविण्यास मात्र कोणीतरी राजाच हवा होता, आणि तो कोल्हापुरास निघाला.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीकडे आमच्या ज्ञातिसभांनी केवळ कृतज्ञतेने नव्हे, तर विद्यार्थ्याच्या जिज्ञासेने पाहिले पाहिजे, असे आम्हांस नेहमी वाटते. महाराजांना दिसून आले की राजाराम कॉलेज गावात आहे, फी माफ करता येते, तरी खेड्यातील मुलगा येत नाही. कारण त्याला राहावयास जागा नाही आणि जेवावयास घर नाही. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे निघू लागली. मराठा व जैन वसतिगृहे आधी, मागोमाग मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांचे, सारस्वत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी रांगच लागली. दरबाराने जागा दिल्या, इमारतींस मदत केली, वार्षिक नेमणुका बांधून दिल्या. परंतु समित्या त्या त्या समाजाच्या होत्या आणि वर्गण्याही त्या समाजाने गोळा करावयाच्या होत्या. ज्या ज्ञातीने आजवर शाळेचा विचारही केला नव्हता, तिच्यात पंच जमू लागले, यादी करू लागले, कोणाचा मुलगा हुशार आहे याची चौकशी करू लागले. आपल्यासारख्या अनेक ज्ञातिसंस्थांचे मूळ या रीतीत सापडेल.

याच्या जोडीस १९०२ चा हुकूम आला: संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, आणि खातेप्रमुखांनी त्याचा तपशील दर तिमाहीस कळवावा. वसतिगृह हे जेवण झाले. नोकरी हे जेवणानंतरचे आश्वासन झाले. शिकलेल्या मुलाचे पुढे काय, या प्रश्नास उत्तर मिळाल्याशिवाय शेतकरी बाप बैलामागचा हात काढून देत नाही. आणि १९१७ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला तेव्हा दंडही आला: मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया. आमच्या मते या दंडाचे वैशिष्ट्य असे की, तो देऊ करण्याजोगे सर्व काही देऊन झाल्यावर आला. आधी वसतिगृह, मग नोकरी, आणि मग दंड, हा क्रम आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो.

सरहद्दीपलीकडे ब्रिटिश मुलुखात त्याच वर्षांत नेमका उलटा खेळ चालला होता. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने सिनेटवर सरकारचा पगडा वाढविला व महाविद्यालयांच्या संलग्नतेची किल्ली सरकारने आपल्या हाती अधिक घट्ट धरली. नामदार गोखल्यांनी कौन्सिलात या विधेयकास कसून विरोध केला होता. वंगभंगाच्या चळवळीत १९०५ साली कार्लाइल साहेबांचे परिपत्रक निघाले आणि १९०७ साली रिस्ले साहेबांचे. विद्यार्थी राजकीय चळवळीत दिसले तर शाळा-महाविद्यालयांचे अनुदान, शिष्यवृत्त्या व विद्यापीठाची मान्यता धोक्यात येईल, असा त्यांचा मथितार्थ. समाजाच्या दुःखात विद्यार्थ्याने सहभागी होणे हाच अपराध ठरला आणि त्या अपराधाची शिक्षा संस्थेच्या चालकांना होण्याची भीती घालण्यात आली, जेणेकरून चालकांनीच विद्यार्थ्यांना आवरावे. चालक आवरीत होतेही. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याने दारोदार फिरून एक-एक खोली बांधली त्याला ती गमावण्याचे भय किती असते, हे मंडळाच्या कार्यकारिणीत बसल्यावाचून समजत नाही.

राजाची मान्यताच नको, असे म्हणून चालता येते काय? महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी ते करून दाखविले. मात्र त्याची किंमत केवढी पडली हेही पाहिले पाहिजे. जपानमधील महिला विद्यापीठाची हकीकत वाचून त्यांनी १९१६ साली पुण्यास महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांच्या जीवनास उपयुक्त विषय, ही त्यांची योजना सरकारी चौकटीत बसणारी नव्हती, तेव्हा सरकारी मान्यता नव्हती. विद्यापीठाची पदवी ‘गृहीतागमा’ या नावाने दिली जाई. नाव भारदस्त होते, परंतु सरकारी नोकरीच्या बाजारात ते नाणे चालत नसे, आणि त्यामुळे पालकांचे पाय अडखळत. कर्वे पायांनी हिंडले, आगगाडीने हिंडले, आणि सत्तरी उलटल्यावर १९२९ पासून युरोप, अमेरिका, जपान व आफ्रिका एवढा प्रवास करून त्यांनी निधी जमविला. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्षांची देणगी देऊ केली व मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठास मिळाले. कायद्याने मान्यता मिळण्यास मात्र स्वातंत्र्य यावे लागले. कायदा १९४९ चा आणि त्याचा अंमल १९५१ पासून. पस्तीस वर्षे! एवढा धीर एका व्यक्तीस असू शकतो. प्रत्येक संस्थेकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

स्वतःचे सरकार आले म्हणजे हा प्रश्न मिटला, अशी ज्यांची समजूत होती त्यांना सातारा जिल्ह्याने १९४८ साली धडा दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व पुढे ती साताऱ्यास आणली. भाऊराव स्वतः शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले होते, आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावरून तेथील शिस्तीशी त्यांचा खटका उडाला होता. ज्ञातिवसतिगृहांचा गौरव करताना ही आठवण आपल्याला थोडी टोचते, पण ती दडविणे बरे नव्हे. साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत, एका पंक्तीस जेवत, स्वतः पाणी भरीत, शेतात राबत. त्याच मुलांच्या जेवणासाठी सौ. लक्ष्मीबाईंनी आपले सौभाग्यलेणे मोडले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. काम करून शिकणाऱ्या गरीब मुलासाठी महाविद्यालयाचे दार असे उघडलेले आपल्याकडे क्वचितच कोणी पाहिले असेल.

आणि पुढील वर्षी, गांधीजींच्या हत्येनंतरच्या प्रक्षुब्ध दिवसांत, कर्मवीरांच्या भाषणातील काही विधानांचा राग धरून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. भाषण एकाचे, आणि पोट शेकडो मुलांचे. त्या वेळी खेड्यापाड्यांतील रयतेने आपल्या घरची मूठमूठ धान्य व पैसाअडका संस्थेकडे पोहोचविला. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली. सरकारने अखेर अनुदान पुन्हा सुरू केले. आम्हांस वाटते, येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सरकारचे मन वळले ते महाराजांच्या शब्दाने हे खरे. परंतु तो शब्द उच्चारला जाईपर्यंत संस्था तगून राहिली ती रयतेच्या धान्यावर. ते धान्य त्या वर्षी नव्याने मागावे लागले नाही. रयतेला देण्याची सवय तीस वर्षांपासून होती. पुढे १९५९ साली पुणे विद्यापीठाने कर्मवीरांना सन्माननीय डी. लिट्. दिली, तेव्हा स्वतः कोणतीही पदवी न घेतलेला हा पुरुष आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत होता.

नंतरचा काळ पुष्कळांच्या स्मरणातील आहे, म्हणून तो थोडक्यात सांगू. १९५६ च्या कायद्याने विद्यापीठ अनुदान आयोग कायदेशीर पायावर आला, आणि शिफारशी न पाळणाऱ्या विद्यापीठाचे अनुदान रोखण्याचा अधिकार त्याच्या १४ व्या कलमाने आयोगास दिला. १९५९ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीमाफीची सवलत सुरू झाली. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या घरचा मुलगा महाविद्यालयात जाऊ लागला आणि तालुक्याच्या गावीही महाविद्यालये काढण्याची हिंमत संस्थांना आली. आपल्या सभासदांपैकी आज जे सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्यातील किती जण या सवलतीवर पदवीधर झाले हे त्यांनीच एकदा हात वर करून सांगावे. १९५८ साली मराठवाडा व १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आल्याने मुंबई-पुण्याची वाट न धरता शिकणे शक्य झाले. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना निघाली, ती आरंभी ३७ विद्यापीठांत व ४०,००० विद्यार्थ्यांसह.

याच काळातील एक आठवण लिहिण्याचा मोह आवरत नाही. १९७२ च्या दुष्काळात आम्ही आपल्या वसतिगृहात राहून शिकत होतो. त्या वर्षी हिशेबाचे तपासणीपत्र आपल्याकडून उशिरा गेले आणि संबंधित सरकारी कचेरीने अनुदानाचा हप्ता रोखून धरला. चूक आपली होती, नियम त्यांचा होता, आणि भोजनगृह बंद पडले ते आम्हा पोरांचे. दिवाळीनंतरचा तो पंधरवडा आम्ही विसरणे शक्य नाही. गावातील ज्ञातिकुटुंबांनी आपसांत वार वाटून घेतले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आमच्या आजोबांच्या काळची वारांची रीत पुन्हा सुरू झाली. त्या घरांतही लाल मिलोच्या भाकऱ्याच होत्या. एका मावशींनी आम्हांस वाढताना भाकरीचा जाड भाग आपल्या मुलाच्या ताटातून उचलून आमच्या ताटात ठेवला, तो त्या मुलाच्या डोळ्यांसमोर. आम्ही ती भाकरी खाल्ली. हप्ता पुढे आला, भोजनगृह सुरू झाले, आणि जमाखर्चाच्या वहीत त्या पंधरवड्यापुढे ‘खर्च नाही’ अशी नोंद आहे. ती नोंद नुकतीच आम्ही पाहिली.

पुढे आम्ही स्वतः महाविद्यालयात अध्यापक झालो, आणि सरकारी उत्तेजनाची दुसरी बाजू पाहिली. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्यात परवानगी मिळाली. जागा वाढल्या, पण मदतीचा हात समाजाच्या खिशाकडे वळला, आणि १९८७ साली देणगीशुल्काविरुद्ध कायदा करण्याची पाळी सरकारवर आली. १९९४ साली महाविद्यालयांच्या मूल्यांकनाची परिषद स्थापन झाली. तिच्या निकषांत ‘विस्तारकार्य’ म्हणजे समाजाशी संपर्क यास गुण होते. हेतू चांगला होता. त्याचा परिणाम असा झाला की, समाजसेवेचे फलक तयार होऊ लागले. एका गावी आम्ही विद्यार्थ्यांसह वृक्षारोपणास गेलो असता झाडे बारा लागली व छायाचित्रे साठ निघाली. पुढच्या उन्हाळ्यात त्या झाडांना पाणी घालण्यासाठी गुण नव्हते, म्हणून कोणी गेले नाही. यात आमचाही वाटा आहे, कारण छायाचित्रांखालील मजकूर आम्हीच लिहिला होता. याउलट जी चार-सहा मुले सेवा योजनेच्या शिबिरानंतरही त्याच गावी रात्रीचा अभ्यासवर्ग घेत राहिली, त्यांची नोंद कोणत्याही तक्त्यात बसली नाही.

उद्योगांच्या बाबतीतही असेच घडत गेले आहे. संशोधनसंस्थांस व विद्यापीठांस दिलेल्या रकमेवर आयकरात जादा वजावट मिळत असे. ती एके काळी दिलेल्या शंभर रुपयांमागे १७५ रुपयांची होती, पुढे १५० ची झाली, आणि २०२० पासून जेवढ्यास तेवढी राहिली. दुसरीकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे लावून दिले. आरंभी खर्च न केल्यास कारण सांगितले की भागे; २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठरावीक निधीत भरणे आले आणि न भरल्यास दंडही आला. म्हणजे आयकरातील आमिष कमी झाले आणि कंपनी कायद्यातील दंडुका जड झाला. वर्षअखेरीस पैसा लवकर व नीट नोंद होईल अशा जागी घालण्याची कंपन्यांची धडपड यामुळे स्वाभाविक आहे.

आता सभेपुढील ठरावाकडे वळू. अशाच एका कंपनीने आपल्या वसतिगृहास नवीन मजला बांधून देण्याचे व तीन वर्षे चालू खर्च देण्याचे मान्य केले आहे. तिच्या अटी दोन. वसतिगृह सर्व समाजांच्या विद्यार्थ्यांस खुले करावे, आणि लाभार्थी विद्यार्थ्यांचा तपशील छायाचित्रांसह दर तिमाहीस पाठवावा. काही ज्येष्ठ सभासद पहिल्या अटीस विरोध करीत आहेत. काही तरुण सभासदांचे म्हणणे असे की, कंपनीचा पैसा येणार, तेव्हा दरवर्षीची विद्यार्थी-वर्गणी बंद करावी. शंभर-दोनशे रुपयांसाठी घरोघर फिरण्याचे दिवस गेले.

दोन्ही म्हणण्यांविषयी आम्हांस आदर आहे, परंतु दोन्ही आम्हांस मान्य नाहीत. वसतिगृह सर्वांस खुले करण्यास कोणा कंपनीची अट असावी लागणे हीच थोडी लाजेची गोष्ट आहे. साताऱ्याच्या त्या छपराखाली हे शंभर वर्षांपूर्वी झाले. ते आपण कंपनीचा करार होवो वा न होवो, या सभेतच स्वतंत्र ठरावाने करावे. आणि वर्गणी बंद करू नये. कंपनीचे तीन वर्षे संपतील, किंवा एखादा तक्ता उशिरा जाईल, किंवा कायद्याचे कलम बदलेल. त्या पंधरवड्यात मुले जेवणार कोठे, याचा विचार करून मगच पावतीपुस्तक कपाटात ठेवावे. आमची सूचना अशी की, वर्गणीची रक्कम वेगळ्या खात्यावर ठेवावी, तिला ‘वारांचा निधी’ असे नाव द्यावे, आणि अनुदान खंडित झाल्याशिवाय तीस हात लावू नये, असा नियम करावा.

ही सूचना आम्ही सभेत उभे राहून मांडणार आहोत. अनुमोदनासाठी कोणी सभासद तयार असल्यास त्यांनी सभेपूर्वी चिटणिसांकडे नाव द्यावे. आमच्या या वर्षीच्या वर्गणीची पावती खजिनदारांनी आम्हांस मागील आठवड्यातच दिली आहे.